ड्रॉइंगचा पिरियड कुणाचा?

शाळेचं टाइमटेबल नोटिस बोर्डवर लागलं की स्टाफरूममधले सगळे आधी आपापले पिरियड बघतात आणि मग माझे बघतात. माझे म्हणजे ड्रॉइंगचे. कारण सगळ्यांना ठाऊक असतं की पुढे कधीतरी पोर्शन मागे पडणार, युनिट टेस्ट जवळ येणार, पावसाची सुट्टी मिळणार, कोणीतरी रजेवर जाणार, आणि तेव्हा उसने मागायचे ते पिरियड हेच. उसने म्हणायचं आपलं, परत कोण करतंय. "मॅडम, आठवीचा मंगळवारचा पिरियड मी घेऊ काय, इक्वेशन्स राहिलीत" असं गणिताचे सर इतकं गोड विचारतात की नाही म्हणायला तोंड उघडत नाही, आणि त्यांचंही मुलांसाठीच चाललेलं असतं, त्यांच्यावर माझा राग नाही. राग येतो तो याचा की अख्ख्या शाळेत एकालाही उलटं सुचत नाही, की ड्रॉइंग मागे पडलंय म्हणून जरा गणिताचा पिरियड घेऊ दे. वाचून हसलात ना? तेच.

मी गोव्यातल्या एका एडेड म्हणजे अनुदानित हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवते. शाळेचं नाव राहू दे, बहुतेक शाळांत थोड्याफार फरकाने हेच असतं. आणि चित्रकला शिकवते असं म्हणते खरी, पण वर्षभरातली माझी मोठी कामं काय तर पाहुणे येणार असले की फळ्यावर रंगीत खडूने सुस्वागतम् आणि दोन बाजूंना समई, सर्टिफिकेटांवर नावं घालणं, सायन्स एक्झिबिशनच्या चार्टांची टायटलं, पंधरा ऑगस्टची रांगोळी आणि गॅदरिंगचं बॅकड्रॉप. "तुझं अक्षर चांगलं ना गं" या एका वाक्यावर माझे किती तरी पिरियड गेलेत. मुलं तेवढा वेळ वर्गात 'तुम्हाला आवडेल ते काढा' करत बसतात. आवडेल ते म्हणजे काय ते पुढे सांगतेच.

पालक मीटिंगला येतात तेव्हा माझ्या टेबलापाशी सहसा कोणी थांबत नाही. थांबले तर एकच प्रश्न, याचा पुढे उपयोग काय? खेळाचं तसं नाही हं, गोवा बोर्डात दहावीला खेळाचे मार्क मिळतात त्यामुळे बुद्धिबळापासून रोप स्किपिंगपर्यंत सगळ्याला उपयोग आहे. चित्राचा उपयोग विचारला की आमच्यातले बरेच कलाशिक्षक घाबरून एक ठरावीक उत्तर देतात, की कलेने बुद्धी तल्लख होते, संगीत शिकलेल्या मुलांचं गणित सुधारतं, जगभर सिद्ध झालंय वगैरे. मला हे उत्तर आवडत नाही आणि ते फारसं खरंही नाही.

मोझार्ट इफेक्ट ऐकलं असेल तुम्ही. 1993 मध्ये कॅलिफोर्नियात एक प्रयोग झाला, कॉलेजच्या 36 मुलांना दहा मिनिटं मोझार्टचा दोन पियानोंचा सोनाटा ऐकवला आणि मग घडी घातलेला कागद कापला तर उघडल्यावर कसा दिसेल अशा प्रकारची कोडी घातली, तर त्यांना ती थोडी बरी सुटली, आणि तो परिणाम दहापंधरा मिनिटांत उतरला. बस एवढंच. 'नेचर'मध्ये छापून आलं आणि तिथून बातमी अशी पळत सुटली की बाळाला मोझार्ट ऐकवा, हुशार होईल. प्रयोगात एकही बाळ नव्हतं. तरी 1998 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची कॅसेट किंवा सीडी द्यायला बजेटमध्ये 1,05,000 डॉलर मागितले होते! पुढे 2000 मध्ये एलन विनर आणि लोइस हेटलँड या दोघींनी कला आणि अभ्यासातली प्रगती यांवरचे तोवरचे सगळे अभ्यास एकत्र करून तपासले तेव्हा काय निघालं, तर दोनतीन ठिकाणीच धागा पक्का आहे. वर्गात धडा नाटक करून शिकवला तर भाषा सुधारते हा त्यातला एक, संगीत आणि आकारांची समज हा दुसरा. बाकी चित्रं काढली म्हणून वाचन सुधारलं, मार्क वाढले याला भक्कम पुरावा सापडला नाही. आणि या दोघी कलेच्या विरोधातल्या नव्हेत, कलेच्याच बाजूच्या. त्यांचं म्हणणं असं की कलेला गणिताच्या मार्कांवर उभं करू नका, उद्या गणित सुधारायचा दुसरा स्वस्त उपाय मिळाला की कला पहिली बाहेर जाईल. हे मला शंभर टक्के पटतं. गणिताच्या सरांना कोणी विचारतं का की तुमच्या अल्जिब्राने मुलांचं चित्र सुधारतं काय?

मग चित्रकला करते काय? माझ्या पुरतं उत्तर सांगते.

कुठल्याही शाळेत पाचवी-सहावीच्या वर्गाला 'तुम्हाला आवडेल ते काढा' म्हणा. दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध अर्धा सूर्य, त्याची किरणं पट्टीने मारलेली, डोंगरातून वाकडी नदी, नदीत होडी, एका बाजूला घर, आपल्या गोव्यात म्हणून एक माड, आणि वर मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी. चाळीसपैकी पस्तीस कागदांवर हेच. आता आमच्या शाळेच्या खिडकीतून खरा डोंगर दिसतो. तो कुठूनही त्रिकोणी नाही, लांबच लांब पसरलेला आहे, अर्ध्यावर मायनिंगने खरवडलेला, पावसात तर निम्मा ढगात. मी मुलांना खिडकीशी नेऊन विचारलं, हा डोंगर कसा आहे रे? एकाने बघितलं, परत आपल्या कागदाकडे बघितलं आणि म्हणाला, "टीचर, चित्रातलो दोंगर असोच आसता."

मुलगा बरोबर बोलला. त्याने डोंगर कधी काढलाच नव्हता, डोंगराची खूण काढली होती. व्हिक्टर लोवेनफेल्ड म्हणून कलाशिक्षणातला मोठा माणूस, मूळचा ऑस्ट्रियाचा, नाझींमुळे अमेरिकेला गेला, 1947 मध्ये त्याने मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले. दोन ते चार वर्षं गिरगोट्या, चार ते सात डोकं आणि त्यालाच हातपाय फुटलेली माणसं, सात ते नऊ प्रत्येक वस्तूची एक पक्की खूण तयार होते, झाड म्हणजे असं, घर म्हणजे असं. इथवर मूल खूश असतं. मग नऊ ते बारा या वयात मुलाला कळायला लागतं की आपण काढलेलं आणि समोर दिसतंय ते जुळत नाही. आणि त्याच वयात मुलं म्हणतात, "म्हाका जमना." म्हणजे बघा हं, डोळा पुढे गेलाय आणि हात मागे राहिलाय, शिकवायची खरी वेळ ती हीच, पाचवी ते सातवी. आणि आपण नेमके तेव्हा काय करतो? रंगवायचं पुस्तक देतो किंवा फळ्यावर काढून कॉपी करायला लावतो. लोवेनफेल्डला ही रंगवायची पुस्तकं अजिबात चालायची नाहीत, दुसऱ्याने काढलेल्या रेघेच्या आत रंग भरत बसलं की मुलाचा स्वतःच्या रेघेवरचा विश्वास जातो असं त्याचं म्हणणं. माझा अनुभव तोच आहे. 'सर्कलच्या भायर गेला टीचर' म्हणून रडवेली झालेली मुलं मी बघितलीत.

त्यामुळे मी सहावीला पावसाळ्यात काय करते सांगते, नवीन काही नाही, फुकटातलं आहे. शाळेचं कुंपण चिऱ्याचं आहे, गिलावा नाही. मुलांनी भिंतीसमोर बसायचं आणि हाताच्या पंज्याएवढा एक तुकडा निवडून तेवढ्याच तुकड्यात किती रंग आहेत ते शोधायचे. काढायचं नाही, पहिले फक्त नावं सांगायची. सुरुवातीला सगळे म्हणतात, लाल. मग कोणीतरी म्हणतं, टीचर, हांगा काळो आसा. मग एकाला शेवाळाचा हिरवा दिसतो, दुसरा म्हणतो तो हिरवा नाही, पिवळा-हिरवा आहे, आणि भांडण सुरू होतं. चिऱ्याच्या भोकांत जांभळट काही तरी असतं, ओल्या भागाचा लाल आणि सुक्या भागाचा लाल वेगळा असतो, दगडी फुलासारखे राखाडी ठिपके असतात. नंतर वर्गात येऊन रंग मिसळायचे. बाटलीतला लाल कोणालाच पुरत नाही. बाटलीतला लाल घेऊन कोणी भिंत रंगवली तर शेजारचाच म्हणतो, ही आपली भिंत नव्हे. मला विचारायची गरजच राहत नाही.

याला आपण सौंदर्यदृष्टी असं जड नाव देतो आणि मग घाबरतो. समोरची वस्तू थांबून बघणं, दोन सारख्या दिसणाऱ्या गोष्टींतला फरक ओळखणं, आपल्याला काय आवडलं आणि का आवडलं ते सांगता येणं, आणि शेजाऱ्याला वेगळं दिसलं तर ते ऐकून घेणं, एवढंच आहे. वर ज्या दोघींचं सांगितलं त्यांनी पुढे चांगल्या कलावर्गांमध्ये बसून मुलं नेमकं काय शिकतात त्याचं निरीक्षण केलं, तर त्यातही हेच निघालं, निरीक्षण, नसलेलं डोळ्यांसमोर आणणं, चिकाटी, स्वतःच्या कामाकडे परत बघणं. मार्क नाही निघाले. पण हे सगळं दुसऱ्या कुठल्या पिरियडला शिकवतात ते मला दाखवा. बाकी सगळीकडे उत्तर एकच असतं आणि ते मागच्या पानावर असतं.

आता यावर गोव्यात एक हमखास मुद्दा येतो आणि तो ऐकायला बरोबर वाटतो. "मॅडम, गोव्यात कलेला काय कमी आहे, शाळेत कशाला हवी, रक्तातच आहे आमच्या." खरंच आहे, बाहेर बघाल तर आहेच. चवथीला घराघरात गणपतीच्या वर माटोळी बांधतात, लाकडी चौकटीला सुपारीचे घड, नारळ, तोरिंगं, आंबाडे, लालभडक कवंडाळं, कांगण्या, रानातलं काय काय, आणि कुठला रंग कुठे, जड काय मधे, हलकं काय कडेला, हे घरातला एखादा काका कुठल्याही डिझाइन स्कूलमध्ये न जाता ठरवतो. सरकारच्या कला आणि संस्कृती खात्याची माटोळीची स्पर्धा असते ती बघायला जा एकदा, तोंडात बोट घालाल. चिकणमातीचे गणपती करणाऱ्या चित्रशाळा आहेत. मोरजीच्या मोरजाईच्या देवळात कावीची चित्रं आहेत, पांढऱ्या चुन्यावर काव म्हणजे लाल माती मिसळलेला थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून आतला पांढरा उघडा करायचा, चुकलं तर खोडायची सोय नाही. आमच्या वर्गातल्या मुलींच्या आज्यांना धालोची, म्हणजे बायकांच्या लोकनृत्याची, गाणी तोंडपाठ आहेत. शिगम्याला गावातला प्रत्येक पोरगा ढोलाचा ताल धरतो.

पण रक्तातच आहे म्हणणाऱ्यांना मला एक विचारायचंय, कुणाच्या रक्तात? चित्रशाळा चितारी घराण्याची, तिथे हात लावायला मिळतो तो घरच्या मुलाला, फार तर शेजारच्या. गाणं ज्या घरात होतं त्या घरात होतं. केसरबाई केरकर 1892 मध्ये फोंड्यातल्या केरीला जन्मल्या, 1977 मध्ये अवकाशात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत त्यांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो', भारतातलं तेवढं एकच गाणं त्या तबकडीत गेलं. मोगूबाई कुर्डीकर सांग्यातल्या कुर्डीच्या, ते गाव पुढे साळावलीच्या धरणाखाली गेलं. या बायकांना गाणं शाळेत मिळालं नाही, घराण्याच्या उस्तादांकडून, वर्षानुवर्षं खपून मिळालं, आणि ज्या समाजात त्या जन्मल्या तिथल्याच मुलींनी गायचं असा तेव्हाचा रिवाज होता. बाकीच्या घरातल्या मुलीने गाणं म्हटलं तर लोक काय म्हणतील ते तुम्हाला माहितीये. म्हणजे कला गोव्यात होती, भरपूर होती, फक्त ती जन्मावर वाटलेली होती. आता पैशावर वाटलीये. ज्यांच्याकडे गाडी आहे ते शनिवारी मुलीला कीबोर्डच्या क्लासला, भरतनाट्यमला नेऊन सोडतात. पणजीत कांपालला बाल भवन आहे, चांगलं आहे, पण सत्तरी तालुक्यातल्या आतल्या गावातून शेवटची बस पकडून परत येणाऱ्या मुलाला त्याचा काय फायदा. सगळ्यांची मुलं एका छपराखाली येतात अशी जागा एकच आहे, शाळा. म्हणून माझा हट्ट शाळेचा आहे.

आणि शाळेने मनावर घेतलं तर काय होतं याचं उदाहरण आपल्याच घरात आहे, बाहेर जायला नको. पोर्तुगीज काळात चर्चला जोडून गावोगावी पारोकियल शाळा होत्या. तिथला मेस्त म्हणजे मास्तर मुलांना बाराखडीसारखं सोल्फेज शिकवायचा, सा रे ग मच्या जागी दो रे मी, कागदावरचं नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन हातात धरायला. हेतू काही उदात्त नव्हता, चर्चच्या क्वायरला गाणारे वाजवणारे हवे होते एवढंच. पण गरीब शेतकऱ्याच्या पोरालाही ते मिळालं. पुढे मुंबईत जॅझ बँड आले, सिनेमात मोठे ऑर्केस्ट्रे आले, पाश्चात्त्य नोटेशन वाचून लगेच वाजवू शकणारी माणसं हवी झाली, तेव्हा ती कुठून आली? गोव्यातून. हळदोण्याचा ट्रंपेटवाला चिक चॉकलेट, शंकर-जयकिशनच्या गाण्यांचे अरेंजर सॅबॅस्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. तुम्ही आम्ही रेडिओवर ऐकत मोठे झालो त्या गाण्यांच्या मागची व्हायोलिनं गावच्या शाळेतून निघालेली आहेत. (आमच्या शाळेतली हार्मोनियम कपाटात आहे. चावी क्लार्ककडे. क्लार्क म्हणतो चावी आधीच्या क्लार्ककडे.)

उलट उदाहरण पण सांगून टाकते, गंमत म्हणून. चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सोझा, साळगावचा, 1924 चा जन्म, पुढे 1947 मध्ये मुंबईत चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप काढणाऱ्यांतला एक. त्याला मुंबईत शाळेतून काढलं होतं ते संडासाच्या भिंतीवरच्या चित्रांवरून, आणि नंतर जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधून काढलं ते 'छोडो भारत' चळवळीत भाग घेतला म्हणून. आमच्याकडेही भिंतीवर काही सापडलं की पहिलं मला बोलावतात, अक्षर कुणाचं ते ओळखायला.

गॅदरिंगबद्दल बोलल्याशिवाय हा विषय संपत नाही. शाळांना विचारा, तुमच्याकडे कला आहे का, तर हो, आमचं गॅदरिंग बघा. महिनाभर प्रॅक्टिस, ती कुणाच्या पिरियडला ते सांगायला नको, भाड्याचे ड्रेस, पेन ड्राइव्हवरचं सिनेमाचं गाणं, पुढच्या रांगेत नेहमीच्याच चार मुली कारण त्यांना 'येतं', मागच्या रांगेत बाकीचे हात वर-खाली. मुलांना मजा येते, मी काही नाक मुरडत नाही, पण ते शिक्षण नव्हे, तो कार्यक्रम आहे. त्यात मूल स्वतः काही ठरवत नाही, गाणं टीचरचं, स्टेप यूट्यूबच्या, ड्रेस दुकानाचा. मला जास्त खटकतं ते हे, की जिची आजी धालोच्या मांडावर पहिली असते ती मुलगी शाळेत तोंड उघडत नाही कारण तिला वाटतं ते 'गावचं' आहे, इथे चालणार नाही. तिला असं वाटायला कोणी शिकवलं? आम्हीच ना.

नवीन धोरणाचं म्हणाल तर कागदावर सगळं छान आहे. 2020 च्या शैक्षणिक धोरणात अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर असा भेद ठेवू नका म्हटलंय. 2023 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात कलाशिक्षण इतर विषयांसारखाच स्वतंत्र विषय आहे. एनसीईआरटीने 2024 मध्ये सहावीसाठी 'कृती' नावाचं पुस्तकही काढलं, त्यात चित्र, नाटक, संगीत, नृत्य चारही आहेत. 2005 च्या आराखड्यातही शाळेच्या प्रत्येक टप्प्यावर कला असावी असं होतंच म्हणा. मला भीती वाटते ती एका शब्दप्रयोगाची, आर्ट इंटिग्रेशन, म्हणजे कला इतर विषयांत मिसळून शिकवणं. कल्पना वाईट नाही, वर सांगितलं तसं नाटकाने भाषा सुधारते, पण आमच्याकडे त्याचा अर्थ असा लागतो की फोटोसिंथेसिसचा रंगीत चार्ट केला की कला झाली, आता वेगळा पिरियड कशाला. म्हणजे परत आम्ही चार्टाची टायटलं घालायला मोकळे.

मार्कांचा घोळ तर मला अजून सुटलेला नाही. मार्क नसले तर विषयाला किंमत नाही आणि मार्क दिले तर मुलं परत दोन डोंगर काढणार, कारण ते सेफ आहेत. एलिमेंट्री, इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवा म्हणून पालक मागे लागतात, वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती नि अक्षरलेखन, हाताला वळण लावायला त्या परीक्षा चांगल्याच आहेत, मी स्वतः त्यातूनच आले. पण वर्गातल्या सगळ्यांना त्या मापाने मोजायचं म्हटलं की ज्याची रेघ सरळ येत नाही तो पहिल्याच दिवशी बाद. म्हणून मी सध्या एक करते, प्रत्येकाची फाइल ठेवते, चुकलेला फाटलेला कागदही टाकायचा नाही, आणि वर्षाच्या शेवटी त्या मुलानेच फाइल उलटून मला सांगायचं की यातलं कुठलं चांगलं झालं आणि कशामुळे. मी मार्क देते ते त्या बोलण्याला धरून. सोपं नाही, वर्गात चाळीस मुलं आणि पस्तीस मिनिटांचा पिरियड, त्यातली दहा मिनिटं पाणी आणण्यात आणि ब्रश धुण्यात. पण एका मुलाने स्वतःचं छत्रीचं चित्र दाखवून सांगितलं, टीचर, हे मला आवडत नाही पण हे पहिलं जे मी बघून काढलं. याला दहापैकी किती देणार?

पणजीला ट्रिप नेतो तेव्हा मिरामारला आइसक्रीम आणि परत, असा जो रिवाज आहे तो मी थोडा वाकवलाय. मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशाशी निळ्या अझुलेजो टाइल्स आहेत, जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराने 1935 मध्ये केलेल्या, अख्ख्या भिंतीवर गोष्ट सांगितलीय आणि रंग काय तर मुख्यतः निळा आणि पिवळा, एवढेच. बाहेरच्या रस्त्यावरून लोक रोज बँकेत जातात, आत डोकावत नाहीत. मुलांना विचारलं, एवढ्या कमी रंगांत जवळचं लांबचं कसं दाखवलं असेल? बराच वेळ शोधत होती. कला अकादमीत चार्ल्स कोरियांची इमारत आणि आतल्या नाट्यगृहाच्या भिंतींवर मारियो मिरांडांनी काढलेले प्रेक्षक, बॉक्समध्ये बसून आपल्याकडेच बघतायत असे. एकीने वर बघून हातच केला त्यांना. दोन तासांत एवढं झालं, फी नाही, पुस्तक नाही. तरी परत आल्यावर ट्रिपच्या रिपोर्टात 'स्थळांना भेट दिली' एवढंच लिहायचं असतं.

या वर्षी मी हेडमिस्ट्रेसबाईंकडे एकच मागणी केली, वाढीव पिरियड नकोत, आहेत ते दोन जोडून द्या. पाणी आणणं, ब्रश धुणं एकदाच होईल आणि मधे तासभर तरी काम होईल. दुसरं म्हणजे गॅदरिंगआधी महिनाभर मला स्टेजच्या कामाला न लावता ते काम आठवी-नववीच्या मुलांना त्यांच्या डोक्याने करू द्या, वाकडं झालं तर वाकडं. बाई चांगल्या आहेत, ऐकून घेतलं. सहावीला जोडून पिरियड मिळाले. आठवीचं युनिट टेस्टनंतर बघू म्हणाल्या, म्हणजे तो मंगळवार अजून इक्वेशन्सकडेच आहे. बॅकड्रॉपबद्दल "चेअरमन येतात ना गं" एवढंच.

पुढच्या आठवड्यापासून सहावीला चिकणमाती देणार आहे, गावातल्याच एका चितारीकाकांनी दोन पोती देतो म्हटलंय आणि स्वतः येऊन मळून दाखवतो पण म्हणाले, फक्त पिरियड सकाळचा ठेवा, दुपारी मी झोपतो. नोटीस पाठवल्या पाठवल्या एका पालकांचा फोन आला, युनिफॉर्म पांढरा आहे, मातीचे डाग जातात काय? मी म्हटलं जातात, आणि नाही गेले तर पीटीचा ड्रेस घालून पाठवा त्या दिवशी.